अण्णांनी उचललेला भंडार

चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय अंबादास,

पाकिटावर येरमाळ्याचा शिक्का बघून तू बुचकळ्यात पडशील. आपल्या गावचं पोस्ट गेल्या दिवाळीपासून रामकिसनरावांच्या चुलतभावाच्या दुकानात आहे. तो पत्रं उघडतो असं मी म्हणत नाही. पण मागच्या महिन्यात तुझं पाकीट आलं त्याची कड उचकटून पुन्हा चिकटवल्यासारखी दिसत होती, आणि पुढच्याच आठवड्यात शाळेच्या ओट्यावर रामकिसनराव मला म्हणाले, "अंबादासची परीक्षा पुढं गेली म्हणं. जाऊ द्या, तेवढाच अभ्यास व्हईल." ही गोष्ट मी अण्णांखेरीज कुणाला सांगितली नव्हती. कदाचित तू रामकिसनरावांनाही पत्र घालत असशील. पुण्याच्या वसतिगृहातली जागा त्यांच्या चिठ्ठीनं मिळाली, तेव्हा घालणं रीतीला धरूनच आहे. घालत असशील तर राग नाही, फक्त मला माहीत असावं. बघ, मी तुझ्यावरही संशय घ्यायला लागले. येडेश्वरीला जाऊन येते असं अण्णांना सांगून उद्या सकाळच्या एसटीनं निघेन आणि हे येरमाळ्याच्या पेटीत टाकेन. दर्शनही घेईन, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

पाडवा झाला. गुढी मीच उभारली, अण्णा खुर्चीवर बसून काठी सरळ आहे की नाही ते सांगत होते. पाडव्याआधी घराला चुना दिला. आई गेल्यापासून राहूनच गेलं होतं. भिंती पांढऱ्या झाल्यावर अण्णा आणखी काळवंडलेले दिसायला लागले. पायांवरची सूज संध्याकाळी वाढते. बार्शीच्या डॉक्टरांनी काळीज मोठं झालंय म्हणून सांगितलं होतं ते तुला कळवलंच होतं: मीठ कमी, पान बंद, गोळी रोज. गोळ्या नेमानं घेतात का, असं तू दोन पत्रांत विचारलंस. मी दोन्ही वेळा इकडचं तिकडचं लिहून वेळ मारून नेली. हे कुणाकडून शिकले ते तुला सांगायला नको. या पत्रात उत्तर आहे. पण आधी गेल्या चैत्रात काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण तू तेव्हा इथं नव्हतास आणि अण्णांनी तुला कार्डावर एवढंच कळवलं होतं: 'सभा पार पडली. प्रश्न मिटला.'

प्रश्न चुन्याचा होता. तू लहान असताना माझ्या पदराला धरून चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी माळावर यायचास. येरमाळ्याला जशी रीत आहे तशीच आपल्याकडंही. बायकांनी रानातून चुनखडीचे पाच-पाच खडे वेचायचे आणि देवीच्या देवळामागच्या ढिगावर टाकायचे. वर्षाचा देऊळ रंगवायचा चुना त्यातून निघायचा. तू पाचाच्या जागी मूठभर आणायचास आणि आई तुला उरलेले परत रानात ठेवायला पाठवायची. स्मारकाची कन्याशाळा बांधायची ठरली त्या वर्षी रामकिसनरावांनी देवळापुढं हात जोडून सांगितलं, की आयाबहिणींनी या खेपेला पाच खडे नकोत, पाटी-पाटी चुनखडी वेचावी. रझाकारांच्या गोळीनं मेलेल्या आपल्या माणसांची ती शाळा, तिच्या भिंती आपल्या हाताच्या चुन्यानं बांधू. बायकांना ते पटलं. मलाही पटलं. दोन चैत्र आम्ही वाकून वाकून वेचलं. बोटांची सालं गेली. शाळेच्या जागेमागं ढीग असा उभा राहिला की लांबून मेंढरं बसल्यासारखी दिसायची. घरटी ज्वारी निघाली, वर्गणी निघाली, सरकारी मदत आली. समितीचे अध्यक्ष रामकिसनराव. दुसरा कुणी असावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

शाळा उभी राहिली. मी तिथं तिसरीला शिकवते. पहिल्याच पावसाळ्यानंतर भिंती झडायला लागल्या. मुली पाठ टेकून बसल्या की उठताना परकरांवर वाळू. नखानं ओरखडलं तर गिलावा पिठासारखा खाली येतो. मी पर्यवेक्षकांना सांगितलं, ते म्हणाले समितीला सांगा. समितीला सांगितलं, समिती म्हणाली अध्यक्षांना सांगा. अध्यक्ष म्हणाले, "बाई, भिंती पडू द्या, मुली उभ्या राहिल्या पायजेत." लोक हसले, मीही हसले. घरी आल्यावर ध्यानात आलं की ते उत्तर नव्हतं.

त्यांची ही हातोटी तू जवळून पाहिलेली नाहीस. शिवलिंगप्पा दुकानदारांनी मागं एकदा सभेत उभं राहून साधं विचारलं, की किती जमलं आणि किती खर्चलं ते फळ्यावर लिहून लावता येईल का. रामकिसनरावांनी मान डोलावली. म्हणाले, "आप्पांनी फार मोलाची सूचना केली. पण ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांची आठवण आधी." आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सगळ्यांना उभं केलं. शांतता संपल्यावर 'जनगणमन' झालं. जनगणमन झाल्यावर सभा संपते. महिन्याभरात शिवलिंगप्पा समितीचे चिटणीस झाले आणि त्यांच्या दुकानाला सिमेंटचा परवाना मिळाला. आता मी काही विचारलं की ते तराजूच्या काट्याकडं बघत म्हणतात, "बाई, तुमचं बरोबर हाय. पण आतून बघितल्यावर लई गोष्टी कळतात की." कुठल्या गोष्टी, ते मात्र कधी सांगत नाहीत. पुड्या बांधण्याचा वेग तेवढा वाढतो.

गेल्या चैत्रातल्या सभेला देवळापुढं सगळं गाव होतं. चिटणिसांनी एक कागद वाचून दाखवला. दाखवला म्हणजे वाचला. हातात कुणाच्या दिला नाही. दगड, वाळू, लाकूड, मजुरी, आणि मग 'चुना खरेदी'. आकडा मोठा होता. मग सत्यभामाबाई उठल्या. तुला आठवतील, त्यांचा थोरला रझाकारांच्या गोळीबारात गेला. शाळेच्या दगडावर त्याचं नाव पहिलं आहे. दर सभेला त्यांना व्यासपीठावर बसवतात आणि नारळ देतात. नारळ मांडीवर तसाच धरून त्या म्हणाल्या, "चुना तर आमी येचला. मग इकत कुनाकडनं घेतला?"

रामकिसनराव हसले. "मावशी, बसा, पाय दुखतील."

"पाय माजे हायेत. चुना कुटं हाय?"

बायका हसल्या, आणि हसण्यातून आवाज वाढला. कुणी म्हणालं ढीग रात्रीतून गेला, कुणी म्हणालं गाड्या येरमाळ्याच्या वाटेला लागलेल्या आम्ही पाहिल्या. त्या वाटेवर रामकिसनरावांचा बंगला तेव्हा छपरापर्यंत आला होता, हे कुणी बोललं नाही, पण बऱ्याच माना तिकडं वळल्या. रामकिसनरावांनी चिटणिसांकडं पाहिलं नाही, कागदाकडं पाहिलं नाही. त्यांनी अण्णांकडं पाहिलं. म्हणाले, "मी काय बोलू? मी बोललो तर म्हणाल, स्वतःचंच झाकतो. मास्तर, तुमी सांगा. कॅम्पापासून तुमी मला बघताय." एवढंच. आणि डोळ्यांना उपरणं लावलं.

अण्णा उठले. अण्णा का उठले ते तुला आणि मला कळतं. रझाकारांच्या दिवसांत बार्शीच्या हद्दीतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पाकडं पळताना त्यांना हिवताप होता, आणि बालाघाटाच्या उतारावरून रामकिसनरावांनी त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलं. ती गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे, की तुला वाटायचं तू स्वतः त्या पाठीवर होतास. ती खरी आहे. त्या माणसानं ते केलं. मला त्याबद्दल संशय नाही, आणि माझी सगळी अडचण तिथंच आहे. अण्णा पुढं गेले आणि त्यांनी बेल-भंडार उचलला. ओंजळीत बेलाचं पान आणि हळद धरून देवळाकडं तोंड करून म्हणाले, "रामकिसनरावांनी यातला एक पैसा आणि एक खडा घरी नेला असेल, तर पुढच्या चैती पुनवेच्या आत आई माझ्या घराचं बघून घेईल."

आपल्या गावात बेल-भंडार उचलल्यावर प्रश्न उरत नाही. विचारणारा माणूस मग माणसाला विचारत नसतो, देवीवर अविश्वास दाखवत असतो. सत्यभामाबाई खाली बसल्या. नारळ त्यांनी बाजूला ठेवला, तेवढंच.

मला त्या दिवशीची एक गोष्ट सारखी आठवते. अण्णा पुढं गेले तेव्हा बेल आणि हळद आणायला कुणी देवळात गेलं नव्हतं. ताट व्यासपीठावरच होतं, हारांच्या परडीमागं, वर रुमाल झाकलेला. आपल्या सभांत भंडाऱ्याचं ताट कधी ठेवत नाहीत. मी ही गोष्ट अण्णांना सांगितली. ते म्हणाले, "पूजेसाठी असेल." मी विचारलं, कुठल्या पूजेसाठी. ते वर्तमानपत्र वाचायला लागले. ते आदल्या दिवशीचं होतं आणि त्यांनी वाचलेलं होतं.

त्यानंतर आपल्या घरात जे वर्ष गेलं ते तुला कसं सांगू? बाहेरून काहीच झालं नाही. गाय व्यायली, कालवड धड झाली. आडाचं पाणी टिकलं. तू पास झालास. मला तापसुद्धा आला नाही. सुरुवातीला अण्णा रोज सकाळी गोठ्यात जाऊन यायचे, मग आडात वाकून बघायचे, मग माझ्या चेहऱ्याकडं. मला वाटायचं ते काळजी घेताहेत. तुझं पत्र यायला उशीर झाला की ते ओट्यावरून हलायचे नाहीत. पत्र आलं की हातात घेऊन म्हणायचे, "बरा आहे ना?" आणि मी बरा आहे म्हटलं की आत निघून जायचे. सुटल्यासारखे जायचे नाहीत. मला हे कळायला फार दिवस लागले. संक्रांतीनंतर एक दिवस भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "काही झालं नाही, प्रेमला." मी म्हटलं, झालं नाही हे चांगलंच की. ते म्हणाले, "रामकिसनच्या भिंतीला चीर गेली नाही. आपल्या घराला काही झालं नाही. मग आई बघते कुठं?" ताट पुढं सरकवून ते उठले.

म्हणजे त्यांना कळलं होतं. केव्हा कळलं, कशावरून, मी विचारलं नाही. कदाचित शाळेत येऊन त्यांनीही भिंतीला नख लावून पाहिलं असेल. कदाचित ताट आठवलं असेल. पण ज्यानं पाठीवरून आणलं त्याला तोंडावर खोटा म्हणणं त्यांना या जन्मी जमणार नाही, आणि उचललेला भंडार खाली ठेवणंही नाही. मी एकदाच म्हटलं, तुम्ही सभेत सांगा की मी चुकलो. ते म्हणाले, "मी मुलांना काय शिकवलं एवढी वर्षं? शब्द दिला की दिला."

आता निवडणूक झाली. रामकिसनराव आमदार झाले, ते तू वाचलंच असशील. जीपगाडी आली. प्रचारात त्यांना कुणी शाळेचं विचारलं की ते म्हणायचे, "त्याचा निकाल आई देणार. पुनव होऊ द्या." आणि गावात आता हेच चाललंय. पारावर, चक्कीवर, सगळीकडं. मास्तरांच्या घराला काही झालं नाही, म्हणजे हिशोब चोख. यंदाच्या पुनवेच्या सभेत रामकिसनराव तसं जाहीर करणार आहेत. शिवलिंगप्पांनी मला दुकानात सांगितलं, "बाई, यंदा कागद वाचायचाच न्हाई. आईनंच पास केलाय म्हटल्यावर माणसानं काय वाचायचं?" ते हे गमतीनं म्हणाले की घाबरून, मला ठरवता आलं नाही. मग त्याच निकालाच्या जोरावर दवाखान्याची नवी समिती. अध्यक्ष तेच. वर्गणीची पावतीपुस्तकं छापून आली आहेत म्हणे.

मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडं गेले होते. ठरवून गेले. म्हटलं, सभेत नको, चारचौघांत नको, एकटीनं समोर बसून विचारावं. कदाचित माणूस उत्तर देईल. व्हरांड्यात बरेच लोक बसले होते. कुणाला बदली हवी, कुणाला विहिरीचं कर्ज. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझं नख आपोआप भिंतीवर गेलं. काही आलं नाही. पुन्हा जोर लावला. नखच मोडलं. हा पुरावा नव्हे, मला कळतं. चांगला गिलावा असणं हा गुन्हा नाही. पण त्या भिंतीची पांढरी कांती मी ओळखते, आपल्या माळाच्या चुन्याची आहे ती. निळसर नाही, थोडी दुधाळ. किंवा मला तसं दिसायला लागलं आहे. संशयाचं हेच वाईट असतं, तो खरा असला तरी आपले डोळे बिघडवतो.

त्यांनी मला आत बोलावलं, चहा मागवला, स्वतःच्या हातानं बशी पुढं केली. मी म्हटलं, "भाऊ, शाळेच्या चुन्याचं काय झालं?" ते म्हणाले, "अंबादास काय म्हणतो? वकील झाल्यावर इकडंच आणायचा बरं का त्याला. आपली माणसं आपल्याजवळ पायजेत." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ते म्हणाले, "वसतिगृहवाले आपल्याच ओळखीचे. काही अडचन आली तर कळवा." मी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. म्हणाले, "मास्तरांची तब्येत कशी हाय?" मी म्हटलं, बरी नाही. "मग त्यांना जपा, प्रेमलाबाई. पुनवंपर्यंत तरी जपा. नंतर मी स्वतः मुंबईला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवतो. जीप पाठवू का बार्शीला न्यायला? उद्याच पाठवतो." चहा मी प्यायले. नाही कसं म्हणणार? उंबरठा उतरून रस्त्यावर आल्यावर ते 'पुनवंपर्यंत' माझ्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी जीप खरंच आली. अण्णा बसले नाहीत. ड्रायव्हरला म्हणाले, "मला काही झालेलं नाही."

आता गोळ्यांचं. घराला चुना देताना मी खुंटीवरची अण्णांची चंची खाली काढली. पान बंद झाल्यापासून ती नुसतीच लटकत होती. हातात घेतली तर खडखडली. आतल्या कप्प्यात बोट घातलं तर पांढरे खडे लागले. आधी वाटलं, वाळलेला चुना. मग ओंजळीत ओतले. गोळ्या होत्या. किती दिवसांच्या ते मी मोजलं नाही. बाटली वेळेवर रिकामी व्हायची, मी वेळेवर नवी आणायची, ते माझ्यासमोर तोंडात टाकायचे आणि वरून पाणी प्यायचे. जिभेखाली धरून ठेवत असावेत. चंची मी पुन्हा खुंटीला लावली. तेव्हापासून गोळी कुटून संध्याकाळच्या दुधात घालते. ते दुधाकडं बघतात, मी त्यांच्याकडं बघते, ते मला बघताना बघतात. आपल्या घरात, अंबादास, आईच्या घरात, आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून आहोत. काल ते म्हणाले, दूध नको, देवीचे उपवास धरलेत पुनवेपर्यंत.

तू हुशार आहेस, तुला कळलंच असेल. देवीनं घराचं काही केलं नाही, म्हणून घराचा माणूस ते स्वतः करतो आहे. पुनवेच्या आत मास्तर गेले तर गावाला कळेल की भंडार खोटा होता. कुणाला शब्दानं दुखवायला नको, शब्द मागं घ्यायला नको. रामकिसनराव ज्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत त्याचं उत्तर अण्णा देणार आहेत, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं. आणि ते जगावेत असं मनापासून वाटणारी गावात आज दोनच माणसं आहेत, मी आणि रामकिसनराव. या एका गोष्टीनं माझी झोप गेली आहे.

मी सत्यभामाबाईंकडं गेले. गोळ्यांचं सांगितलं नाही, नुसतं विचारलं, उचललेला भंडार उतरवता येतो का. त्या जात्यावर बसल्या होत्या. दळण थांबवून म्हणाल्या, "येतो की. ज्यानं उचलला त्यानं, न्हाय तर त्याच्या लेकानं. देवीम्होरं ओंजळ रिकामी करायची अन् म्हनायचं, आमच्या घरानं बोल मागं घेतला. मग इचारनारा मोकळा." मी म्हटलं, आणि लेकीनं? त्या हसल्या. "लेकीचं कोन धरतंय, बाई. लेक परक्याची." मग पुन्हा दळायला लागल्या आणि जात्याच्या आवाजातच म्हणाल्या, "पर तू उबी राहिलीस तर मी बी उटंन. या खेपेला नारळ घेनार न्हाई." त्या उठतील असं मला वाटतं. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

हे पत्र त्यासाठी आहे. पुनवेला तू इथं असावास. बोल मागं घेतलास की अण्णांच्या जिवावरचं ओझं उतरेल. ते तुझ्यावर रागावतील, कदाचित बोलणार नाहीत, पण रागवायला ते असतील. त्यानंतरचा प्रश्न मी विचारेन, तो तू विचारायचा नाही. वसतिगृहाची जागा जाईल हे मी धरून चालले आहे. माझी बदली परांड्याच्या पलीकडं कुठंतरी होईल, तेही. तुझं शिक्षण कसं पुरं करायचं ते मला आज माहीत नाही, आणि माहीत आहे असं खोटं लिहिणार नाही. तुला नाही म्हणायचा हक्क आहे. तू नाही आलास तर ओंजळ मीच रिकामी करेन आणि गावानं ती धरली नाही तर न धरो. फक्त एक कर. येतोस की नाही, ते लिहून कळवू नकोस. पत्र आपल्या पोस्टातून येतं. कुर्डुवाडीला गाडी बदल, बार्शीला उतरू नकोस, तिथं त्यांची माणसं असतात. पुनवेच्या आदल्या दिवशी येडशीच्या स्टेशनावर छोटी गाडी येईल तेव्हा मी फलाटावर असेन. रामलिंगाला आले होते म्हणून सांगेन. गाडीतून कोण उतरतं ते बघेन आणि परत फिरेन, एकटी किंवा दोघं.

तुझीच,
अक्का